आरसा लखलखीत, गाजर मात्र फुटतं: एका शेफ सुरीचं प्रकरण

तक्रार आणि सुरी

"हातावरचे केस निघतात, कागद सरसर कापला जातो, पण गाजर घेतलं की अर्ध्यावर टचकन फुटतं." ऑर्डर देऊन घडवून घेतलेली, आरशासारखं पॉलिश केलेली सुरी महिनाभर वापरल्यावर घेणाऱ्याची ही तक्रार. दुसरी तक्रार बटाट्याची. काप पात्याला असे चिकटतात की दर चार कापांनी थांबून ते बोटाने सोडवावे लागतात. तिसरी त्याने जाता जाता सांगितली: टोकाकडची धार आठवड्यात जाते, बाकीची टिकते.

हाताने घडवलेल्या सुऱ्यांच्या बाबतीत या तिन्ही तक्रारी इतक्या नेहमीच्या आहेत की त्या एकाच सुरीवर मांडून पाहणं सोयीचं. खालची मापं अशा नमुन्यादाखल घेतलेल्या सुरीची आहेत. तपासाची आणि दुरुस्तीची रीत मात्र कुठल्याही सुरीला तीच.

पातं २१० मिमी लांब, टाचेपाशी (मुठीकडच्या बाजूला) ४८ मिमी उंच, पाठ टाचेवर २.६ मिमी. पोलाद एईबी-एल: सुमारे ०.६७ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम, मुळात दाढीच्या ब्लेडसाठी काढलेलं बारीक कार्बाइडचं (पोलादातल्या अतिकडक कणांचं) स्टेनलेस. कडकपणा ६१ एचआरसी (रॉकवेल मापावर). धारेचा कोन दर बाजूला १५ अंश. वजन २०५ ग्रॅम. मुठीचं काम चोख, कुठे फट नाही, आणि पॉलिश एवढं साफ की पात्यात समोरच्या कागदावरची उलटी अक्षरं वाचता यावीत. पोलादाची निवडही योग्यच होती. आरसा करायचा तर कार्बाइड बारीक हवेत. डी२ सारख्या पोलादात ते मोठे असतात, बफवर (पॉलिशच्या कापडी चाकावर) आजूबाजूचं मऊ पोलाद आधी झिजतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या पोलादात तर व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पेपरपेक्षा कडक. तिथे तासन् तास घासूनही ओरखडे जागचे हलत नाहीत.

कारागिराने पहिल्यांदा जे बहुतेक जण करतात तेच केलं. सुरी परत मागवली, दगडावर धार लावली, पाठवून दिली. टोक आठ दिवस बरं चाललं. गाजर पहिल्याच दिवशी फुटलं.

धार एक, कापणं दुसरं

आपण बोलताना "धार नाही" आणि "कापत नाही" एकाच अर्थाने म्हणतो. तिथेच तपास फसतो. तीक्ष्णता ठरते धारेच्या अगदी शेंड्यावर, मायक्रॉनच्या हिशेबात. केस, कागद, टोमॅटोची साल यांना शेंडा पुरतो, कारण वस्तू पातळ असते आणि कापली की बाजूला होते. गाजर बाजूला होत नाही. तीन सेंटिमीटर जाडीच्या गाजरात पातं शिरलं की शेंड्यामागचा सगळा भाग त्याच चिरेतून खाली जावा लागतो. तो भाग जाड असेल तर पाचर ठोकल्यासारखं होतं. लाकूड फोडायची कुऱ्हाड मुद्दाम अशीच करतात.

म्हणून आधी शेंडा तपासून बाजूला ठेवावा. 'बेस' नावाच्या मापनात ताणलेल्या ठरावीक धाग्यावर धार दाबतात आणि तो तुटायला किती ग्रॅम लागले ते पाहतात. नवं दाढीचं ब्लेड ५० च्या आसपास येतं. स्वयंपाकघरातली सुरी २०० च्या आत असली की तिला तीक्ष्ण म्हणायला हरकत नाही. या सुरीचे आकडे: टाचेपाशी १५०, मध्यावर १४०, टोकाकडे ३१०. म्हणजे पात्याच्या बहुतेक लांबीवर धारेचा काही दोष नाही, आणि पुन्हा पुन्हा धार लावून गाजराची तक्रार सुटणार नाही. टोकाचं दुखणं वेगळं.

आयएसओ ८४४२-५ ही प्रमाणित चाचणीही लोक पुढे करतात. त्यात सिलिका मिसळलेल्या कार्डाच्या गठ्ठ्यावर ५० न्यूटन दाबाने पातं पुढे-मागे चालवतात आणि प्रत्येक फेरीत किती खोल कापलं ते मोजतात. दोन पोलादं किंवा दोन कोन ताडून पाहायला ती उत्तम. पण कार्डाचा गठ्ठा गाजरासारखा तडकत नाही, त्यामुळे इथे तिचा उपयोग नव्हता. त्यापेक्षा गाजरच जास्त सांगतं.

फुटलेला तुकडा उलटून उजेडात धरावा. वरचा सात-आठ मिलिमीटरचा पट्टा गुळगुळीत, ओलसर, चकाकणारा. त्याखाली एकदम खडबडीत, फिक्कट, तंतू ओढून काढल्यासारखा. मध्ये जणू रेघ आखलेली. गुळगुळीत भाग सुरीने कापला, खडबडीत भाग पाचरीने फाडला. रेघ वरच्या कडेपासून जितक्या खोलीवर असेल, पात्याची जाडी धारेपासून तितक्याच उंचीवर मोजायची. दोष तिथेच असतो.

सोबत एक साधी मोजणी करून ठेवली. कापायची फळी वजनकाट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, सुरी पुढे-मागे न सरकवता सरळ खाली दाबायची आणि काट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा टिपायचा. एकाच गाजराचा सारख्या जाडीचा भाग, दहा काप. या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही, पण दुरुस्तीनंतर तुलना करायला दुसरं काही लागत नाही.

मापं

जाडी मोजताना व्हर्नियरचा (जाडी मोजायच्या कॅलिपरचा) जबडा धारेच्या बाजूने पात्यावर चढवायचा आणि जबड्याचं टोक हव्या उंचीपर्यंत न्यायचं. पातं वर जाड होत जातं, त्यामुळे जबडा टोकाशीच टेकतो आणि त्या उंचीवरची जाडी मिळते. आधी बारीक मार्करने ५, १० आणि २० मिमीवर खुणा करून घ्याव्यात. धार जबड्याच्या तळाला टेकू देऊ नये, नाहीतर मोजण्यातच धारेला खाच पडते. टाचेपाशी घेतलेली मापं अशी (मिमी):

| धारेपासून उंची | आलेली जाडी | शेफ सुरीसाठी हवी होती |
|---|---|---|
| धारेच्या पट्टीच्या (धार लावताना घासलेल्या अरुंद उताराच्या) लगेच वर | ०.५५ | ०.१५ ते ०.२० |
| ५ | १.०५ | ०.४५ |
| १० | १.३० | ०.७५ |
| २० | १.६५ | १.३५ |
| पाठ | २.६ | २.६ |

मध्यावर पट्टीच्या वरची जाडी ०.५०, टोकाकडे ०.७०. टोक सर्वांत जाड, हे उफराटं झालं. शेफ सुरीचं टोक सर्वांत नाजूक असायला हवं. पाठीचं माप जसंच्या तसं आहे याकडेही लक्ष द्यावं. हातात घेतल्यावर सुरी पातळ वाटते ती पाठीमुळे. सगळा गोंधळ खालच्या पंधरा मिलिमीटरमध्ये आहे, जिथे बोट फिरत नाही आणि नजरही ठरत नाही.

व्हर्नियर हाताशी नसला तर धारेची चमकती पट्टी पाहूनही अंदाज येतो. धारेमागची जाडी म्हणजे पट्टीच्या रुंदीची दुप्पट गुणिले कोनाचा साइन. १५ अंशांना साइन ०.२६. पट्टी १ मिमी रुंद दिसली तर मागे अर्धा मिलिमीटर पोलाद आहे. ०.१८ मिमीच्या पात्यावर हीच पट्टी साधारण ०.३५ मिमीची, जेमतेम केसाएवढी रेघ दिसते. सुरी घेताना लोक पट्टी रुंद आणि एकसारखी असल्याचं कौतुक करतात. रुंद पट्टी ही खरं तर जाड पात्याची कबुली आहे.

आरशाचा इथे एक फायदाही झाला. पातं ट्यूबलाइटखाली आडवं धरून हळू कलतं करत नेलं की दिव्याची रेघ पात्यावरून धारेकडे सरकते. सपाट भागात ती सरळ राहते. या सुरीत धारेपासून सहा-सात मिलिमीटरवर येताच रेघ फुगली, मग एकदम निसटून धारेकडे गेली. तिथून खाली पृष्ठभाग गोल झाला होता. घासलेल्या सॅटिनवर, म्हणजे बारीक रेघांच्या मंद पृष्ठभागावर, एवढा गोलावा सहज लपतो, आरशावर नाही. म्हणून या तपासाच्या आधी पॉलिश खरवडू नये.

टोकाचं दुखणं

टोकाच्या ३१० ग्रॅमचं कारण जाडी नव्हे. शेंडा नीट असेल तर जाड पात्यावरही बेसचा आकडा चांगला येतो. तिथली धार टिकत नव्हती, आणि त्याची दोनच मोठी कारणं असतात: धारेवर राहिलेली बर (धार लावताना कडेला उरलेली पोलादाची पातळ किनार), किंवा मऊ पडलेलं पोलाद. बर निघते का ते आधी पाहिलं. बारीक दगडावर हलक्या हाताने बाजू बदलत दहा-बारा फेऱ्या, मग लाकडाच्या कडेवरून एकदा ओढ. आकडा १६० वर आला. चार दिवसांच्या वापरानंतर पुन्हा ३०० पार.

मग पितळी कांबीची चाचणी. सहा मिमी जाडीची पितळी कांब शिकंजात आडवी बसवायची, धारेची पट्टी तिच्यावर टेकवायची, हलका दाब देऊन सरकवायची आणि समोरून पाहायचं. धार कांबीवर थोडी वाकलेली दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर ठीक, वाकलेलीच राहिली तर मऊ किंवा फारच पातळ, टवका उडाला तर ठिसूळ. इथे मधली धार परत येत होती. टोकाचे १२-१५ मिलिमीटर वाकून तसेच राहत होते, तेही ०.७० मिमी जाडी असताना. पातळपणाचा प्रश्नच नव्हता. कडकपणा तपासायच्या कानशी, ज्या ४० पासून ६५ एचआरसीपर्यंत पाच-पाचच्या फरकाने मिळतात, त्यांतली ६० ची मध्यावर नुसती घसरली. टोकाला ती लागली, आणि ५५ चीसुद्धा थोडी पकडू लागली. रॉकवेलचं यंत्र इथे कामाचं नाही. एवढ्या पातळ धारेवर त्याची सुई टेकवली तर आकडा खोटा येतो.

टोक बफवर तापलं होतं. टोकाला पोलाद कमी, उष्णता पळायला वाट नाही, आणि पॉलिश पूर्ण व्हायला तिथेच जास्त वेळ लागतो. कार्बन पोलाद तापलं की २०५ ते २३० अंशांना पिवळसर आणि ३०० च्या सुमारास निळं होतं, त्यामुळे चूक कळते. स्टेनलेसमध्ये क्रोमियममुळे हेच रंग बऱ्याच वरच्या तापमानाला येतात. रंग दिसेपर्यंत कडकपणा गेलेला असतो. त्यात बफ स्वतःच रंग पुसून टाकतो. पुरावा आणि गुन्हा एकाच चाकावर. एईबी-एलचं टेंपरिंग (कडक केल्यावर पुन्हा मंद तापवणं) साधारण १७५ ते २०० अंशांवर होतं. धार त्याच्या वर गेली की प्रत्येक सेकंदाला कडकपणा गळत असतो, आणि तो परत आणायचा तर सुरी पुन्हा भट्टीत घालावी लागते. मुठीसकट ते होत नाही.

यावर एकच भरवशाची खूण: पातं नागड्या बोटांत धरायचं, हातमोजा नको. बोटाला गरम लागलं की पाण्यात. बोट पोळतं साठ अंशांच्या आसपास, पोलाद बिघडतं त्याच्या कितीतरी वर. बोट आधी ओरडतं. तरीही धारेच्या शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरची खबर बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून बफवर एका जागी थांबायचं नाही.

हे घडलं कसं

कारागिराला सुरी पातळ करता येत नव्हती असं नाही. त्याने ती मुद्दाम जाड ठेवली, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर कारण पटण्यासारखं आहे.

कडक केलेलं पातं बेल्टवर घासून झालं तेव्हा धारेची जाडी ०.७ मिमीच्या वर होती. पुढचा रस्ता १२० नंबरच्या पेपरपासून (नंबर मोठा तसा पेपर बारीक) २२०, ४००, ६००, ८००, १०००, २००० आणि मग बफ. दर टप्प्यावर आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण निघाले पाहिजेत. १२० नंबरच्या पेपरचा कण सुमारे १२५ मायक्रॉनचा, ४०० चा ३५ चा, २००० चा १० चा. एक खोल ओरखडा मागे राहिला तर तो १००० नंबरपर्यंत दिसत नाही आणि बफवर गेल्यावर विजेसारखा चमकतो. मग परत २२०. पातळ धारेवर हे करताना तीन संकटं: धार तापते, धार लवचिक असल्यामुळे पेपरखाली लाटा पडतात, आणि बफचं कापड कडेला पकडून सुरी फेकतं. या तिसऱ्याबद्दल एक सावधगिरी इथेच. बफिंग मशीन ही सुरीच्या कारखान्यातली सर्वांत घातक वस्तू. कापडाचं चाक आपल्या दिशेने वरून खाली फिरत असतं. पातं नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली टेकवायचं, आणि ज्या कडेवर काम चाललं आहे ती चाकाच्या ओढीच्या दिशेने, म्हणजे खाली असायला हवी. वरची कड चाकाला लागली की सुरी हातातून सुटते आणि कुठे जाईल ते चाक ठरवतं.

तेव्हा जाड धार ही सावधगिरी होती. मनातला हिशेब असा की पॉलिशमध्ये बरंच पोलाद जाईल. प्रत्यक्षात १२० नंबरपासून आरशापर्यंत दोन्ही बाजू मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास राखीव पुरते. ०.७ वरून निघालेली सुरी ०.५५ वर पोचली, कारण बफने कडेला जरा जास्त खाल्लं आणि त्या खाण्यातूनच तो गोलावा आला. आणि आरसा एकदा झाला की कारागिराचा हात पुढे जात नाही. आता पातळ करायचं म्हणजे तीन दिवसांचं पॉलिश खरवडून काढायचं. "धार लावली की होईल" अशी स्वतःची समजूत घालून सुरी डब्यात जाते.

चूक पॉलिशची नाही, क्रमाची आहे. जपानी तलवारी घासणारे हे दोन टप्पे नावानेच वेगळे ठेवतात. 'शिताजी तोगी' म्हणजे पाया घासणं, ज्यात दगडांवर पात्याचे उतार आणि कडा ठरतात. 'शिआगे तोगी' म्हणजे शेवटची घासणी, जिच्यात पोलादाचं रूप दिसतं. पाया बिघडला तर पुढे कितीही बारीक दगड लावून तो सुधारत नाही. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीतही परीक्षा दोन भागांत होते. आधी कामाची सुरी: लोंबती एक इंची दोरी एका घावात तुटली पाहिजे, दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडून झाल्यावर त्याच धारेने केस निघाले पाहिजेत, आणि मग पातं शिकंजात धरून ९० अंश वाकवतात. ती सुरी परीक्षेतच संपते. फिनिशिंगसाठी वेगळ्या सुऱ्या, वेगळे परीक्षक, वेगळी वेळ. ही चाचणी शेफ सुरीची नव्हे, त्यामुळे तिचे आकडे इथे आणू नयेत. घ्यायचा तो क्रम.

दुरुस्ती

दोन पर्याय घेणाऱ्यापुढे ठेवले गेले: पातं पातळ करून हाताने घासलेलं सॅटिन, किंवा पातळ करून पुन्हा आरसा, पण बफविना. दुसऱ्याला जवळजवळ तिप्पट वेळ. रोज वापरायची सुरी म्हणून त्याने पहिला निवडला. आमच्या मते तोच बरोबर होता. आरशाचं आयुष्य पहिल्या घासणीपर्यंत, आणि आरसा जपायचा म्हणून मालक सुरी दगडाला लावायला कचरतो.

काम असं झालं. मुठीला कागदी टेप, त्यावर प्लास्टिक. धार दगडाच्या कडेवर ओढून पूर्ण बोथट केली; पुढे चार तास बोटं तिच्याजवळ राहणार होती. टोकाचा मऊ भाग पहिला. धारेच्या बाजूने थोडं थोडं मागे घेत ६० ची कानस पुन्हा घसरायला लागेपर्यंत गेलो तर दीड मिलिमीटर गेला. मग टोकाची रेषा जुळवायला पाठ थोडी खाली आणली आणि धारेचा बाक टाचेपर्यंत सारखा करून घेतला. पात्याची उंची ४८ वरून ४७ झाली.

नंतर बेल्ट ग्राइंडरवर नवा करकरीत १२० नंबरचा सिरॅमिक बेल्ट, वेग कमीत कमी, दर फेरीनंतर पाण्यात. नवा बेल्ट ही चैन नाही. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता घासतो आणि तापवतो. पातं आधी पाठीच्या कोनाला टेकवून खालचे वीस मिलिमीटर पातळ केले, गोलावा निघेपर्यंत. धारेमागची जाडी ०.३० आली की बेल्ट बंद. तिथून पुढचं दगडावर, २२० आणि ४०० नंबर, भरपूर पाणी, दर पाच मिनिटांनी मोजणी. ०.३० ते ०.१८ हा शेवटचा प्रवास मशीनवर केला असता तर दोन-तीन सेकंदांत संपला असता, आणि चुकलाही असता.

उजव्या बाजूला, धारेपासून १० ते २५ मिमीच्या पट्ट्यात किंचितसा फुगवटा ठेवला. तो बटाट्यासाठी. ओला काप सपाट पात्याला पाण्याच्या पातळ थराने धरून ठेवला जातो, काच काचेला चिकटते तसा. फुगवटा असला की कापाची कड सुटते, आत हवा शिरते आणि तो गळून पडतो. पृष्ठभाग आरसा आहे की सॅटिन याने फरक पडतो, पण थोडा. आकाराने पडतो तो मोठा. नुसतं सॅटिन करून "आता चिकटणार नाही" असं सांगणं म्हणजे घेणाऱ्याला फसवणं.

घासणीसाठी पातं फळीवर उताणं बांधलं, धारेखाली पूर्ण आधार. पेपर कठीण पट्टीला गुंडाळायचा: लोखंडाची किंवा जाड फायबरची पट्टी. रबर किंवा चामडं घेतलं तर कडा पुन्हा गोल होतात, म्हणजे बफने केलं तेच हाताने. २२०, ३२०, ४००, शेवटी ६००. दर नंबरला तिरपी दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे कुठे उरले ते दिसतं. मशीन तेलाचे दोन थेंब. पेपर बोटाला गुळगुळीत लागला की टाकून द्यायचा. शेवटच्या ६०० च्या फेऱ्या फक्त टाचेकडून टोकाकडे, एका ओढीत. परत येताना पेपर उचलायचा. पुढे-मागे केलं की वळणावर माशाच्या गळासारख्या खुणा उमटतात आणि उजेडात तेवढ्याच दिसतात.

धार १००० आणि ३००० नंबरच्या दगडावर, दर बाजूला १३ अंश, शेवटी १५ अंशांवर चार हलक्या फेऱ्या. धारेचं पॉलिश हा आणखी निराळा विषय आहे, पण एवढं सांगतो: १००० वर सोडलेली धार ओढून कापताना सालीत चटकन शिरते, फार बारीक दगडावर गेलेली धार सरळ दाबून कापायला चांगली. ३००० हा मधला मुक्काम.

नंतर

धारेमागे टाचेपाशी ०.१८, मध्यावर ०.१६, टोकाला ०.१५. वजन १९२ ग्रॅम. बेसचा आकडा सर्वत्र १३० ते १४५, म्हणजे मध्यावर जवळजवळ आधीइतकाच. शेंडा पूर्वीही तीक्ष्ण होता. वजनकाट्यावरचा गाजराचा आकडा मात्र निम्म्याच्या खाली आला आणि कापाचा पृष्ठभाग तळापर्यंत गुळगुळीत निघाला. बटाट्याचे काप उजवीकडे गळून पडू लागले, तीन-चारांत एखादा चिकटतो. पितळी कांबीवर टोकही आता परत येतं.

गेलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. आरसा गेला. कोरलेली खूण घासणीत पुसली गेली, ती नव्याने करावी लागली. आरशाचा एक खरा गुण होता तोही गेला: गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी आणि मीठ बसायला खाच नसते, म्हणून स्टेनलेस त्यावर जास्त काळ डागविरहित राहतं. ६०० च्या सॅटिनवर सुरी धुऊन पुसून ठेवावी लागते. आणि ०.१८ मिमीची धार हाडाला, गोठलेल्या वस्तूला किंवा फळीवर आडवी फिरवायला नाही. तसं वापरलं तर टवके उडतील, तो दोष कारागिराचा नसेल. ज्याला हाड तोडायचं आहे त्याला ०.४ ते ०.६ मिमीची वेगळी सुरी लागते.

ज्यांना आरसा हवाच आहे त्यांच्यासाठी उलटा क्रम. मूठ बसवण्याआधी धारेमागे ०.२५ ते ०.२८ मिमीपर्यंत दगडावर आणायचं, मोजून लिहून ठेवायचं, मग २००० नंबरपर्यंत कठीण पट्टीवर हाताने, आणि शेवटी ६, ३, १ मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट कठीण लाकडी ठोकळ्यावर. बफ फक्त मुठीला आणि पाठीला. वेळ फार जातो, पण पात्यावरची दिव्याची रेघ पाठीपासून धारेपर्यंत सरळ सरकते आणि गाजरही कापलं जातं.

ऑर्डरच्या कागदावरही बदल झाला. पूर्वी तिथे लांबी, पोलाद, मुठीचं लाकूड आणि "मिरर" एवढंच होतं. आता टाच, मध्य आणि टोक या तीन जागांची धारेमागची जाडी आणि ५ व १० मिमीवरची जाडी लिहिली जाते, पॉलिशच्या आधीची आणि नंतरची. घेणाऱ्याला एक सूचना जाते: धार लावत लावत पातं मागे सरकतं आणि जाड भाग धारेवर येतो. जुन्या आकारात एक मिलिमीटर झिजला की धारेमागे एक दशांश मिलिमीटर जाडी वाढत होती, आताच्या आकारात त्याच्या निम्मी वाढते. धारेची पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून रुंद दिसू लागली की नुसती धार न लावता पात्याच्या बाजूही दगडावर घ्यायच्या, ४०० नंबर, दर बाजूला सारख्या फेऱ्या. सॅटिनवर पडलेले ओरखडे ६०० च्या पेपरने दहा मिनिटांत जुळतात.